कोणीच न केलेला अन्याय

अमेरिकेत पाच सेंटचे एक नाणे आहे. त्याला निकेल म्हणतात आणि त्याचे वजन बरोबर पाच ग्रॅम असते. १९८६ साली अमेरिकी काँग्रेसने अमली पदार्थांविरुद्ध जो कायदा केला, त्यानुसार या एका नाण्याच्या वजनाइतके क्रॅक कोकेन विकणाऱ्याला किमान पाच वर्षांचा तुरुंगवास ठरला. हीच शिक्षा भुकटीच्या रूपातल्या कोकेनसाठी व्हायची, तर भुकटी पाचशे ग्रॅम, म्हणजे अशा शंभर नाण्यांइतकी भरायला हवी होती. क्रॅक ही काही वेगळी वनस्पती नाही की वेगळे रसायन नाही. कोकेनची भुकटी आणि खायचा सोडा पाण्यात उकळून आटवला की जो खडा उरतो, तो क्रॅक. तो ओढल्यावर नशा झपाट्याने चढते आणि झपाट्याने उतरते, हा फरक खरा आहे. परंतु भुकटी सुईने टोचून घेतली तरी परिणाम जवळपास तोच होतो आणि शरीरात जाणारे द्रव्य दोन्हीकडे एकच असते. एकास शंभर हे प्रमाण कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेले नव्हते. ते आले होते त्या वर्षीच्या उन्हाळ्यातल्या घबराटीतून.

१७ जून १९८६ रोजी मेरीलँड विद्यापीठाचा लेन बायस हा बास्केटबॉलपटू बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघात निवडला गेला आणि दोनच दिवसांनी कोकेनच्या सेवनाने मरण पावला. नोव्हेंबरमध्ये काँग्रेसच्या निवडणुका होत्या. बायसचा मृत्यू क्रॅकमुळे झाला असा समज तेव्हा पसरला, प्रत्यक्षात त्याने घेतली होती ती भुकटी. पण तोवर दोन्ही पक्षांत कठोरपणाची चढाओढ लागलेली होती. २७ ऑक्टोबर रोजी अध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली. दोन वर्षांनी आणखी एक पाऊल पुढे टाकून, विक्रीचा हेतू नसताना, पहिल्याच वेळी नुसते पाच ग्रॅम क्रॅक जवळ सापडले तरी पाच वर्षे, असा नियम झाला. दुसऱ्या कोणत्याही अमली पदार्थाला ही तरतूद लागू नव्हती. पुढची दोन दशके संघराज्याच्या, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयांत क्रॅकच्या गुन्ह्यासाठी शिक्षा झालेल्यांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर राहिले. भुकटीच्या खटल्यांत गोऱ्या आणि लॅटिनो आरोपींचा भरणा कितीतरी मोठा होता.

या कायद्याच्या शेकडो कलमांत वंश हा शब्द शिक्षेच्या संदर्भात कुठेही येत नाही. प्रश्नाची गाठ इथे आहे. अमेरिकेतल्या वांशिक तफावतीची चर्चा निघाली की सर्वसाधारण वाचकाच्या डोळ्यांसमोर एक पूर्वग्रहदूषित न्यायाधीश उभा राहतो, जो गोऱ्या आरोपीला दोन वर्षे देतो आणि त्याच गुन्ह्यासाठी काळ्या आरोपीला चार. असे न्यायाधीश झाले नाहीत असे कोण म्हणेल? १९३० नंतरच्या काळात अमेरिकेत बलात्काराच्या गुन्ह्यासाठी ४५५ जणांना मृत्युदंड दिला गेला, त्यांपैकी ४०५ कृष्णवर्णीय होते. हा आकडा सुट्या न्यायाधीशांच्या लहरीचा नव्हता, त्यामागे एका समाजरचनेची उघड इच्छा होती. परंतु गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली तफावत बहुतांशी अशा माणसांच्या हातून घडलेली आहे, ज्यांनी आपले काम नियमानुसार केले. खासदाराने वजन ठरवले, पोलिसाने अमुक रस्त्यावर गस्त घातली, सरकारी वकिलाने उपलब्ध कलमांपैकी एक निवडले, शिक्षेआधी आरोपीची माहिती गोळा करणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याने जुनी नोंद अहवालात उतरवली, न्यायाधीशाने तक्त्यातला आकडा वाचला. प्रत्येक जण नामानिराळा. माझे म्हणणे असे आहे की, ही तफावत दूर न होण्याचे मुख्य कारण अमेरिकी न्यायालयांनी पुराव्याबाबत केलेली निवड हे आहे. ती न्यायालये अन्यायाआधी अन्याय करणारा शोधतात, आणि करणारा सापडला नाही की अन्याय झालाच नाही असे धरून चालतात.

आधी तफावत आहे किती, ते पाहू. संघराज्याच्या शिक्षा आयोगाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०१२ ते २०१६ या काळातल्या शिक्षांची तुलना केली. गुन्ह्याचे स्वरूप, गुन्हेगारी पूर्वेतिहास, वय, शिक्षण हे सारे घटक हिशेबात धरूनही कृष्णवर्णीय पुरुषांना सारख्याच परिस्थितीतल्या गोऱ्या पुरुषांपेक्षा १९.१ टक्के अधिक लांब शिक्षा झाल्याचे त्यात दिसले. २०१७ ते २०२१ या पुढच्या पाच वर्षांसाठी आयोगाने २०२३ साली पुन्हा मोजणी केली तेव्हा हे अंतर १३.४ टक्के निघाले. लॅटिनो पुरुषांच्या बाबतीत ११.२ टक्के. या दुसऱ्या अभ्यासातला एक तपशील फारसा कोणी उचलत नाही. ज्यांना तुरुंगवास झालाच त्यांचीच तुलना केली, तर अंतर ४.७ टक्क्यांवर येते. म्हणजे फरकाचा मोठा भाग किती महिने या प्रश्नात नसून आत की बाहेर या प्रश्नात आहे. आणि आत की बाहेर हे ठरवताना न्यायाधीश काय पाहतात? कायमची नोकरी आहे का, राहते घर आहे का, जबाबदारी घेणारे नातलग आहेत का. एकही प्रश्न गैर नाही, कोणताही समंजस न्यायाधीश हेच विचारील. पण ज्या देशात घर आणि नोकरी यांची वाटणीच पिढ्यानपिढ्या वर्णानुसार झाली, तिथे या प्रश्नांची उत्तरेही वर्णानुसारच येतात. न्यायाधीशाच्या मनात काडीचाही आकस असण्याची इथे गरज पडत नाही.

शिवाय या अभ्यासांत ‘सारख्या परिस्थितीतले’ हे शब्द जे काम करतात, ते जरा थांबून पाहावे लागते. संघराज्याच्या न्यायालयात शिक्षा ठरवण्यासाठी एक तक्ता असतो. १९८४ च्या सुधारणा कायद्याने शिक्षा आयोग नेमला आणि नोव्हेंबर १९८७ पासून हा तक्ता लागू झाला. डावीकडे वरून खाली गुन्ह्याच्या गंभीरतेच्या ४३ पायऱ्या, वरती आडवे पूर्वेतिहासाचे सहा स्तंभ. एकूण २५८ चौकटी. पायरी आणि स्तंभ जिथे मिळतात त्या चौकटीत किमान आणि कमाल महिने छापलेले असतात. सव्विसाव्या पायरीवरचा आरोपी पहिल्या स्तंभात असेल तर त्याच्या वाट्याला ६३ ते ७८ महिने येतात. तोच गुन्हा, तेच वजन, पण आरोपी सहाव्या स्तंभात असेल तर १२० ते १५०. जवळपास दुप्पट. स्तंभ ठरतो तो पूर्वी झालेल्या शिक्षांवरून, आणि पूर्वीची शिक्षा होते ती आधी पकडले गेल्यामुळे. अमली पदार्थांचे सेवन गोऱ्या आणि काळ्या लोकसंख्येत साधारण सारख्याच प्रमाणात होते, असे राष्ट्रीय पाहण्यांतून वर्षानुवर्षे दिसत आले आहे. पण पोलिसांची गाडी सगळ्या वस्त्यांतून सारख्या वेळा फिरत नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहात बंद दाराआड जे घडते त्याची नोंद कुठेच होत नाही, आणि शहरातल्या कोपऱ्यावर तेच घडले की त्याची नोंद होते. ती नोंद आठ-दहा वर्षांनी तक्त्यातल्या स्तंभाच्या रूपाने परत येते. आयोगाचे संशोधक पूर्वेतिहास ‘नियंत्रित’ करतात, म्हणजे ही सगळी कहाणी समीकरणाबाहेर ठेवतात आणि मग उरलेला फरक मोजतात. संख्याशास्त्रात ते बरोबर असेल, पण १३.४ टक्के हा आकडा वाचताना तो बाकी उरलेला आकडा आहे, पूर्ण आकडा नव्हे, एवढे भान ठेवायला हवे.

आणि इथवर न्यायाधीशाचाच विचार झाला. खरा अधिकार ज्याच्या हाती आहे तो माणूस अजून आलेलाच नाही. अमेरिकेत फौजदारी खटला चालतो, साक्षीपुरावे होतात, ज्यूरी निकाल देते, हे चित्र पडद्यावर पाहून जगाला पाठ झाले आहे. प्रत्यक्षात संघराज्याच्या न्यायालयांतली ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांतली ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीने गुन्हा कबूल केल्याने होते. हे आकडे सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ सालच्या एका निकालात दिले आहेत. कबुलीजबाब म्हणजे सौदा, आणि सौद्यात भाव सांगणारा एकच, सरकारी वकील. कोणते कलम लावायचे, अनिवार्य किमान शिक्षेचे कलम लावायचे की त्याखालचे, हे तो ठरवतो. अमली पदार्थांच्या खटल्यात आरोपीला पूर्वी अशाच गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल, तर सरकारी वकिलाने न्यायालयात एक सूचनापत्र दाखल केले की किमान दहा वर्षांची शिक्षा २०१८ पर्यंत वीस वर्षांवर जात असे. मागे दोन शिक्षा असतील तर थेट जन्मठेप. आता ती पंधरा आणि पंचवीस वर्षांवर आणली आहे. हे पत्र दाखल करायलाच हवे असे बंधन नाही, न केल्यास कारण द्यावे लागत नाही, आणि केल्यास न्यायाधीशाला ते बाजूला ठेवता येत नाही. दुपारी एका टेबलापाशी बसून, ‘आज कबूल करणार असाल तर हा कागद माझ्या फाइलमध्येच राहील,’ एवढे एक वाक्य उच्चारले की दहा वर्षे इकडची तिकडे होतात. त्या वाक्याची नोंद कोणत्याही निकालपत्रात सापडणार नाही.

या टप्प्याचा कसून अभ्यास झालेला आहे. अटकेपासून शिक्षेपर्यंतचे संघराज्याचे खटले एकमेकांना जोडून पाहणाऱ्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दोन गोष्टी दिसल्या. पहिली, गोऱ्या-काळ्या आरोपींच्या शिक्षांतले वरवर दिसणारे प्रचंड अंतर मुख्यतः अटकेचे कलम आणि पूर्वेतिहास यांवरून समजावून सांगता येते. दुसरी, तरीही एकाच गुन्ह्यासाठी अटक झालेल्या सारख्या आरोपींत कृष्णवर्णीयांची शिक्षा सुमारे दहा टक्के लांब असते, आणि या उरलेल्या फरकातला बहुतांश भाग सरकारी वकिलाने सुरुवातीला लावलेल्या कलमांतून, विशेषतः अनिवार्य किमान शिक्षेच्या कलमांतून येतो. न्यायाधीशांचे हात बांधले की भेदभाव आटोक्यात येईल, हा १९८४ सालच्या सुधारकांचा विश्वास होता, आणि तो प्रामाणिक होता. त्यापूर्वी एकाच इमारतीतले दोन न्यायाधीश एकाच गुन्ह्यासाठी वाटेल तितक्या वेगळ्या शिक्षा देत असत. हात बांधले गेले खरे, पण अधिकार नाहीसा झाला नाही. न्यायाधीश निदान उघड न्यायालयात बोलतो, त्याच्या शब्दांवर अपील होते. सरकारी वकिलाच्या निवडीला तसे काहीच लागू नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो तक्ता सक्तीचा न ठेवता सल्ल्यापुरता केला, तरी अनिवार्य किमान शिक्षा जागच्या जागी राहिल्या.

वर्णाचा उल्लेखही नसलेला नियम वर्णानुसार कसा लागू होतो, याचे न्यू जर्सीतले उदाहरण मला फार बोलके वाटते. तिथल्या १९८७ च्या कायद्याने शाळेपासून हजार फुटांच्या आत अमली पदार्थ विकणाऱ्याला अनिवार्य तुरुंगवास ठरवला. हेतू निर्मळ होता, मुलांचे रक्षण. याला विरोध कोण करणार? पण नकाशा काढून शाळांभोवती वर्तुळे आखली की काय होते पाहा. मोकळ्या, ऐसपैस उपनगरांत ही वर्तुळे एकमेकांपासून लांब, बेटांसारखी पडतात. नेवार्कसारख्या दाट शहरात ती एकमेकांत मिसळतात आणि शहराचा बहुतेक भाग झाकून टाकतात. शहरात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो राहतात, उपनगरांत मुख्यतः गोरे. रात्री दोन वाजता, शाळेची सुट्टी असताना, दोन प्रौढांमध्ये झालेला व्यवहारही त्या वर्तुळात आला की कलम लागे. राज्याच्या शिक्षा-पुनर्विलोकन आयोगाने २००५ साली तपासले, तेव्हा या कलमाखाली तुरुंगात गेलेल्यांपैकी ९६ टक्के कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो असल्याचे आढळले. पुढे २०१० साली न्यायाधीशांना या कलमातून सूट देण्याचा अधिकार मिळाला. हा कायदा करणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात वंशद्वेष होता असे दाखवता येणार नाही, आणि तसे दाखवण्याची अट घातली असती तर ती वर्तुळे आजही तशीच राहिली असती.

सर्वोच्च न्यायालयाने अट घातली ती हीच. वॉरन मॅक्लेस्की हा जॉर्जियातला कृष्णवर्णीय माणूस. १९७८ साली अटलांटातल्या एका फर्निचरच्या दुकानावर दरोडा पडला, त्यात एक गोरा पोलिस अधिकारी मारला गेला आणि त्याबद्दल मॅक्लेस्कीला मृत्युदंड झाला. ज्यूरीत अकरा गोरे होते, एक कृष्णवर्णीय. अपिलात त्याच्या वकिलांनी डेव्हिड बाल्डस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास मांडला. जॉर्जियातले दोन हजारांवर खुनाचे खटले आणि दोनशेहून अधिक घटक त्यांनी तपासले होते. बळी गोरा असेल तर आरोपीला मृत्युदंड होण्याचा संभव, बळी काळा असताना जो असतो त्याच्या ४.३ पट, असा निष्कर्ष होता. कच्चे आकडे तर अंगावर येतात. आरोपी काळा आणि बळी गोरा अशा २२ टक्के खटल्यांत मृत्युदंड झाला होता; दोघेही गोरे असताना ८ टक्के; आरोपी गोरा आणि बळी काळा असताना ३ टक्के; दोघेही काळे असताना १ टक्का.

या आकड्यांत आरोपीच्या वर्णाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, मेलेल्याचा वर्ण बोलतो. वांशिक तफावतीचा विचार करताना आपण सहसा कठोरतेकडे पाहतो, पण तिची दुसरी बाजू सौम्यतेची आहे. कृष्णवर्णीय माणसाचा जीव घेणाऱ्याला व्यवस्था स्वस्तात सोडते, कारण त्या जीवाचे मोलच तिने कमी लावलेले असते. ‘शिक्षा कमी करा’ एवढ्या मागणीने हा प्रश्न का सुटत नाही, ते इथे कळते. ज्या वस्तीवर गस्त सर्वांत जास्त, त्याच वस्तीतला खून सर्वांत कमी महत्त्वाचा, हा दुहेरी अनुभव तिथल्या माणसांनी घेतलेला आहे.

१९८७ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मॅक्लेस्कीचे अपील फेटाळले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी लिहिला. त्यांनी अभ्यास चुकीचा ठरवला नाही. तो ग्राह्य धरूनच ते पुढे गेले, आणि निकालातली खरी मेख तीच आहे. त्यांचे म्हणणे असे की आकड्यांतून राज्याचे सरासरी चित्र दिसते, पण मॅक्लेस्कीच्याच खटल्यात अमुक व्यक्तीने हेतुपुरस्सर भेदभाव केला हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय हा युक्तिवाद मान्य केला तर तो मृत्युदंडापुरता थांबणार नाही, सगळ्याच शिक्षांना आणि सगळ्याच गटांना लागू करावा लागेल, अशी भीतीही त्यांनी व्यक्त केली. अती न्याय होईल याचे हे भय आहे, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मतात बजावले. मॅक्लेस्कीला सप्टेंबर १९९१ मध्ये विजेच्या खुर्चीवर मारण्यात आले. त्याच वर्षी, निवृत्त झालेल्या पॉवेल यांना त्यांच्या चरित्रकाराने विचारले की एखाद्या खटल्यातले आपले मत बदलता आले तर कोणते बदलाल. त्यांनी याच खटल्याचे नाव घेतले.

पॉवेल यांच्या तर्कातला दोष नेमका कुठे आहे? एका खटल्यातला हेतू सरासरीवरून ठरत नाही, हे त्यांचे विधान खरेच आहे. दोष आहे तो प्रश्नाच्या निवडीत. एखाद्या काट्यावर शंभर पोती मोजली आणि शंभरही पोती दोन-दोन किलोंनी कमी भरली, तर या विशिष्ट पोत्याला मापाड्याने जाणूनबुजून हात लावला काय, असे आपण विचारत बसत नाही. काटा दुरुस्तीला पाठवतो, आणि तो दुरुस्त होईपर्यंत त्यावर मोजलेले माप धरत नाही, निदान माणसाचा जीव जाणार असेल तर नक्कीच धरणार नाही. न्यायालयाने नेमके उलटे केले. काटा वाकडा आहे हे गृहीत धरले आणि माप कायम केले.

नऊ वर्षांनी याच विचाराने आणखी एक दार बंद केले. लॉस एंजेलिस परिसरात क्रॅकच्या खटल्यात सापडलेल्या आरोपींच्या सरकारी बचाव वकिलांनी दाखवून दिले की, त्यांच्या कार्यालयाने १९९१ साली निकालात काढलेल्या अशा चोवीसच्या चोवीस खटल्यांतले आरोपी कृष्णवर्णीय होते. त्यांनी तेवढ्यावरून सुटका मागितली नव्हती. सरकारी वकिलांनी कोणावर कोणत्या निकषाने खटले भरले याची कागदपत्रे पाहायला मागितली होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, आधी असे दाखवा की दुसऱ्या वंशाच्या लोकांवर याच परिस्थितीत खटले भरता आले असते पण भरले गेले नाहीत. मग कागद मिळतील. पेटीची किल्ली पेटीतच ठेवून कुलूप लावावे, तसा हा नियम आहे.

हेतू सिद्ध करता येतो तो क्वचित, आणि बहुधा कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळे. ज्यूरीच्या कल्पनेमागचा भाव ‘पाचामुखी परमेश्वर’ असा आहे. पण ती पाच मुखे कोण निवडतो, हा प्रश्न उरतोच. वर्णावरून ज्यूरर वगळू नयेत असे १९८६ साली ठरले, तेव्हापासून सरकारी वकील वर्णाशिवायची कारणे देऊ लागले: नजरेला नजर देत नव्हती, चुळबूळ करत होता, वय कमी वाटले. जॉर्जियातल्या एका मृत्युदंडाच्या खटल्यात वकिलांची टिपणे अनेक वर्षांनी माहितीच्या कायद्याखाली बाहेर आली. संभाव्य ज्यूररांच्या यादीत कृष्णवर्णीयांची नावे हिरव्या रंगाने रंगवलेली, शेजारी ‘ब्लॅक’मधले ‘बी’ हे अक्षर, आणि पानाच्या कोपऱ्यात हिरव्या रंगाचा खुलासाही. २०१६ साली तो निकाल उलटला. मिसिसिपीतल्या एका आरोपीवर तर एकाच सरकारी वकिलाने सहा वेळा खटला चालवला आणि सहा खटल्यांत मिळून ४२ पैकी ४१ कृष्णवर्णीय ज्यूरर वगळले. २०१९ साली तिथेही न्यायालयाने हस्तक्षेप केला. हे निकाल योग्यच होते, पण त्यांतून बोध काय निघतो? ज्याने मनातले कागदावर उतरवले किंवा एकेचाळीसपर्यंत मजल मारली, तोच सापडतो. रंग न भरता यादी वाचणारा सरकारी वकील सहीसलामत सुटतो.

या मतावर घेतले जाणारे आक्षेप पोकळ नाहीत. १९८६ च्या कायद्याला काही कृष्णवर्णीय खासदारांनीही पाठिंबा दिला होता, आणि त्याचे कारण ढोंग नव्हते. क्रॅकच्या धंद्याने त्यांच्याच मतदारसंघांतले रस्ते रक्ताने माखत होते आणि पोलिस लक्ष देत नाहीत ही तिथल्या रहिवाशांची जुनी तक्रार होती. संरक्षण मागणाऱ्यांना संरक्षणाच्या नावाने तुरुंग मिळाले, यात त्यांची चूक किती आणि दुसरा पर्यायच पुढे न ठेवणाऱ्यांची किती, हा हिशेब सोपा नाही. दुसरा आक्षेप गुन्ह्यांच्या प्रमाणाचा आहे. खुनासारख्या हिंसक गुन्ह्यांत अटकेच्या प्रमाणातच वर्णानुसार मोठा फरक आहे आणि तुरुंगातल्या गर्दीचा बराच भाग त्यातून येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. लोकसंख्येत कृष्णवर्णीय तेरा-चौदा टक्के आणि तुरुंगांत सुमारे एक तृतीयांश, या दोन आकड्यांमधले सारे अंतर न्यायालयातल्या भेदभावाने भरून काढता येत नाही, आणि तसे भासवणारे लिखाण मूळ मुद्द्याचेच नुकसान करते. पण तेवढ्याने वरची उदाहरणे निकालात निघत नाहीत; तिथे तुलना एकाच गुन्ह्याच्या दोन आरोपींची आहे.

तिसरा धोका मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो सुधारणेच्याच वाटेवर बसलेला आहे. मिनेसोटात राज्याच्या कायद्यात क्रॅक आणि भुकटी यांच्यासाठी वेगळ्या शिक्षा होत्या. १९८८ साली तिथे क्रॅक बाळगल्याचा आरोप असलेल्यांत ९६.६ टक्के कृष्णवर्णीय होते, आणि भुकटीच्या आरोपींत ७९.६ टक्के गोरे. १९९१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे हा फरक रद्द केला. हेतूचा पुरावा न मागता, या भेदाला पुरेसे खरे कारण आहे का, असा साधा प्रश्न त्या न्यायालयाने विचारला होता. माझ्या मते योग्य प्रश्न तोच होता. पण विधिमंडळाने त्यावर काय केले? भुकटीची शिक्षा वाढवून क्रॅकच्या बरोबरीला नेऊन ठेवली. समता झाली, तुरुंगात जाणाऱ्या एकाही कृष्णवर्णीयाचा एकही दिवस त्यामुळे कमी झाला नाही. ‘सारखी वागणूक’ एवढेच मागणाऱ्याला असेही उत्तर मिळू शकते.

म्हणून परिणामांवर बोट ठेवणारा कायदा हवा, आणि त्याचे प्रयोग झालेलेही आहेत. आयोवाने २००८ साली असा नियम केला की शिक्षेसंबंधीचे विधेयक मंजूर होण्याआधी त्याचा वेगवेगळ्या वंशांवर काय परिणाम होईल याचा अंदाज विधिमंडळासमोर यायला हवा. न्यू जर्सीत १९८७ साली कोणी आधी नकाशावर ती वर्तुळे आखून पाहिली असती, तर अठरा वर्षांनी आयोग नेमून पाहायची वेळ आली नसती. उत्तर कॅरोलिनाने २००९ साली मृत्युदंडापुरता असा कायदा केला की कैद्याला राज्यभराच्या आकडेवारीचा आधार घेता यावा. मॅक्लेस्कीला जे नाकारले गेले तेच हे. २०१२ साली पहिला खटला उभा राहिला. सरकारी वकिलांनी पात्र कृष्णवर्णीय ज्यूररांना इतरांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात वगळल्याचे अभ्यासातून पुढे आले आणि न्यायाधीशांनी मृत्युदंडाऐवजी जन्मठेप दिली. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा रद्द केला. आकड्यांनी खटले जिंकता येतात हे दिसताच कायदा गेला, यातच त्याची ताकद दिसते. २०२० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की रद्द होण्यापूर्वी ज्यांनी अर्ज केले त्यांचा हक्क हिरावता येणार नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने सगळ्याच गुन्ह्यांसाठी असा कायदा केला, आणि त्यात भेदभाव जाणूनबुजून झाला हे सिद्ध करण्याची अट ठेवली नाही. पॉवेल यांना ज्याची भीती वाटत होती, तो सगळ्या शिक्षांपर्यंत पोचणारा युक्तिवाद एका राज्याने स्वतःहून स्वीकारला आहे.

संघराज्याच्या पातळीवर मात्र गाडी अडखळतच चालली आहे. क्रॅक आणि भुकटी यांची शिक्षा समान करा, असे शिक्षा आयोगाने १९९५ सालीच सुचवले होते आणि काँग्रेसने ते फेटाळले होते. २०१० साली एकास शंभरचे प्रमाण एकास अठरा झाले, म्हणजे पाच वर्षांसाठी आता २८ ग्रॅम क्रॅक लागते. नुसते बाळगण्याबद्दलची अनिवार्य शिक्षा गेली. आधीच्या कैद्यांना त्याचा लाभ मिळायला २०१८ उजाडले. अठरा हा आकडाही शंभराप्रमाणेच कोणत्या प्रयोगशाळेतून आला नाही, वाटाघाटींतून आला. हे प्रमाण एकास एक करणारे विधेयक सप्टेंबर २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६१ विरुद्ध ६६ मतांनी मंजूर झाले, म्हणजे दोन्ही पक्षांनी हात वर केले, आणि सिनेटमध्ये ते अडकले. त्याच वर्षी फ्लोरिडातल्या एका कैद्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. जुन्या शिक्षांमुळे तो सराईत गुन्हेगाराच्या वर्गात मोडत होता आणि त्याला १८८ महिने झाले होते. त्याच्याजवळ सापडलेले क्रॅक ३.९ ग्रॅम होते. न्यायालयाने एकमताने सांगितले की २०१८ च्या कायद्याचा लाभ त्याला मिळणार नाही, कारण तो कायदा ज्यांची अनिवार्य किमान शिक्षा बदलली त्यांच्यासाठी आहे, आणि याच्याजवळचा माल इतका थोडा होता की याला अनिवार्य किमान शिक्षेचे कलम मुळात लागलेच नव्हते.